खवलीची उजवी बाजू

आमच्या सायन्सच्या मास्तरांना काहीही विचारा, उत्तर एकच: "अजून ठरलं नाही." हेडमास्तर विचारायचे, "संमेलनाला येताय ना?" अजून ठरलं नाही. शेजारी विचारायचा, "यंदा पावसाचं काय?" अजून ठरलं नाही. एकदा तिसऱ्यांदा नापास झालेल्या पोराचा बाप हिर्डोशीहून चालत आला, शाळेच्या पायरीवर बसला आणि रडकुंडीला येऊन म्हणाला, "मास्तर, ह्या कार्ट्याचं फुडं काय व्हनार वो?" मास्तर त्याच्या शेजारी पायरीवर बसले, अगदी मनापासून विचार केला आणि म्हणाले, "अजून ठरलं नाही." बाप बिचारा ते शुभ बोलणं समजला आणि समाधानानं परत निघाला. हिर्डोशी म्हणजे काय जवळ आहे?

मी त्या वेळी भोरला त्याच शाळेत ड्रॉइंगमास्तर होतो. आम्ही शिंपी, बाप बाजारपेठेत मशीन घेऊन बसायचा. दुसरी लढाई सुरू व्हायच्या जरा आधीपासूनची ही हकिगत आहे. आज मास्तर नाहीत. मी जे सांगणार आहे ते त्यांच्या हयातीत, त्यांच्या तोंडावर सांगायला हवं होतं. तेवढी हिंमत झाली नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचता वाचता कुणी मला भला माणूस समजायला नको.

मास्तर उंच, खांद्यात वाकलेले. बारा महिने गळ्यापर्यंत बटणं लावलेला एकच कोट आणि काळी टोपी. कोटाच्या खिशात बुचाच्या काचनळ्या असायच्या आणि त्या नळ्यांत बोटभर मासे. एकदा वर्गात त्यांनी शिंक आली म्हणून रुमाल काढला, तर रुमालातून मासाच टेबलावर पडला. पोरं हसून हसून बाकाखाली गेली. मास्तरांनी मासा उचलला, पुन्हा रुमालात गुंडाळला आणि दुसऱ्या खिशातला रुमाल काढून शिंकले. तेव्हापासून ते मासेमास्तर झाले ते कायमचे.

नीरेच्या काठाजवळ दोन खोल्यांत त्यांचं बिऱ्हाड होतं. घरात दोघंच, ते आणि वहिनी. मूलबाळ नव्हतं. ओसरीवर सात रांजण ओळीनं मांडलेले, आणि त्यांत खवल्या. खवली म्हणजे आपल्या ओढ्यानाल्यांत, भातखाचरांत सापडणारा चपटा, चांदीसारखा मासा. कुणी त्याला मोठं महत्त्व देत नाही. ब्राह्मणाच्या ओसरीवर मासे म्हटल्यावर आळीनं कुजबुज केली नसती तरच नवल. "खातात हो चोरून!" असं खुद्द घरमालक मला म्हणाला होता. खातात कसले! मासा चिरायच्या आधी मास्तर डोक्यावरची टोपी काढून खुंटीला अडकवायचे, चिरून झालं की आंघोळ करायचे आणि मगच टोपी घालायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "अहो चित्रकार, कुणाचा जीव घेताना डोकं झाकून कसं बसायचं?" आणि वहिनी रोज सकाळी स्वतःचा चहा व्हायच्या आधी प्रत्येक रांजणात चिमूटभर कणीक टाकायच्या. त्या फार बोलत नसत. पण रांजणापाशी उभ्या राहिल्या की बराच वेळ हलत नसत.

मासे पुरवायची ती उत्रोलीची भोईणबाई. तिच्या तोंडाला टाळा नव्हता. एकदा माझ्यासमोरच तिनं मास्तरांना धरलं.

"मास्तर, खायचं न्हाई, इकायचं न्हाई. मंग मारताय कशापायी?"

"बघायला."

"काय बगायला?"

"नर आहे का मादी."

"हात्तिच्या! त्येला चिरायला कशाला पायजे? पोट दाबलं का कळतंय. म्या सांगते की तुमास्नी."

"मोठ्या माशाचं कळेल. अगदी लहान असताना?"

ती मग हात उडवून म्हणाली, "ल्हानपनी कुनाला ठावं? ल्हान मासा त्यो नुसता मासाच असतोय."

मास्तरांनी अक्षरशः टाळी वाजवली. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं की विलायतेतल्या मोठ्या माणसानं जे सांगायला चार पानं खर्ची घातली, ते उत्रोलीच्या बाईनं डोक्यावरची पाटी खाली न ठेवता सांगितलं.

त्यांचं सगळं वेड याच एका गोष्टीचं होतं. त्यांनी ते मला अनेकदा समजावलं, आणि मला जेवढं समजलं तेवढं सांगतो. अंड्यातून नुकत्या बाहेर पडलेल्या माशाच्या कण्याखाली दोन बारीक दोरे असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. त्यांतूनच पुढे मादीची गाभोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी, किंवा नराचं बीज तयार होतं. पण सुरुवातीला ते दोरे रिकामे. ज्या पेशींतून पुढची पिढी व्हायची, त्या बीजपेशी जन्मतात भलतीकडेच, आणि आतड्याच्या कडेकडेनं चालत त्या दोऱ्यांत येऊन बसतात. "घर बांधून झालेलं नसतं, आणि माणसं सामान घेऊन दारात," मास्तर म्हणायचे. "बरं, त्या माणसांनाही ठाऊक नाही की आपण अंडं होणार का नराचं बीज. अजून ठरलेलंच नसतं, चित्रकार! देवानंही ठरवलेलं नसतं." हे शेवटचं वाक्य ते हळू आवाजात बोलायचे.

खवलीत त्यांना आणखी एक गोष्ट दिसली होती. एकाच विणीची पिल्लं रांजणात वाढवून ते दर आठव्या दिवशी त्यांतली चार बाहेर काढायचे, औषधात मुरवायचे, मेणाच्या वडीत बसवायचे आणि न्हाव्याकडून खास धार लावून आणलेल्या वस्तऱ्यानं त्या वडीचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे. शंभर काप वाया जावेत तेव्हा एक साधायचा. तो काचेवर चिकटवून, लाल रंगात रंगवून मायक्रोस्कोपखाली. त्यांचं म्हणणं असं, की खवलीची सगळीच पिल्लं आधी मादी असल्यासारखी दिसतात, सगळ्यांच्या दोऱ्यांत कच्ची अंडी दिसतात. आणि मग त्यांतल्या निम्म्यांत ती अंडी विरून जातात आणि त्याच दोऱ्यांत नर घडतो. एवढं सिद्ध करायला त्यांनी पाच वर्षं घातली. त्या पाच वर्षांत डोळे गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला, आणि म्हणून चित्रं काढायला त्यांनी मला धरलं.

"मला माशांतलं ओ की ठो कळत नाही," मी म्हणालो.

"म्हणून तर तुम्ही! ज्याला कळतं तो मनातलं काढतो. तुम्हाला कळत नाही, तुम्ही दिसेल तेच काढाल."

एवढा विश्वास माझ्या बापानंही माझ्यावर टाकला नव्हता.

आता माझी कामाची पद्धत सांगायला हवी. शिंप्याचं पोर मी. बंडी बेतायची तर बाप कापडाची मधोमध घडी घालायचा, खडूनं अर्धीच आखायचा आणि कातरी चालवायचा. उलगडलं की दोन्ही बाजू सारख्या. "पुरी आखतो तो येडा," बाप म्हणायचा. ड्रॉइंगच्या परीक्षांतही तेच: फुलदाणी काढायची, वेलबुट्टी काढायची, तर डावी बाजू पेन्सिलीनं काढा, पातळ कागद मधोमध दुमडा, मागून नखानं घासा, उजवी बाजू आपोआप उमटते. मास्तरांच्या पहिल्या चित्रापासून मी तेच केलं. जास्त ताकदीच्या भिंगाखाली एका वेळी एकच दोरा दिसायचा. दुसरा पाहायला काच सरकवावी लागे. मी कशाला सरकवतोय? माणसाला दोन हात असतात, दोन कान असतात. माशाचे दोन दोरे वेगळे कशाला असतील? डावा बघून काढायचा, घडी घालायची, घासायचं. मास्तर कागद डोळ्यांच्या अगदी जवळ नेऊन म्हणायचे, "वा! काय स्वच्छ हात आहे!" अशी बावीस चित्रं मी काढली, आणि नशिबानं त्या बावीस माशांत दोन्ही बाजू खरोखरच सारख्या होत्या.

तेविसावं चित्र आषाढातलं.

भर दुपारी मास्तर माझ्या दारात उभे, आणि डोक्यावर टोपी नाही. मी घाबरलो, कुणी गेलं की काय! पण ते हसत होते. तसं हसताना मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. "चला," म्हणाले, "आत्ता. ऊन आहे तोवर." वाटेत मी विचारलं, काय सापडलं? तर मान हलवत म्हणाले, "सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही तेच काढाल. तुम्हाला जे दिसेल ते काढा. मग मला माझ्या डोळ्यांची खात्री पटेल."

त्यांना त्याच दिवशी आईच्या श्राद्धासाठी वेल्ह्याकडच्या गावी निघायचं होतं. काच भिंगाखाली बसवून ते गेले. आठवड्यानं येणार, आणि आल्याबरोबर चित्रं आणि लेख मुंबईच्या एका प्राध्यापकांकडे धाडणार, असं ठरलं होतं. मी बसलो. मायक्रोस्कोपला खिडकीचा उजेड लागतो, आणि आषाढात भोरला उजेड म्हणजे देवाची कृपा. डावा दोरा मी मन लावून काढला. गोल गोल कच्ची अंडी, प्रत्येकाच्या पोटात फिकट ठिपका. तो संपला आणि ढग आले. दुसऱ्या दिवशी पाऊस. तिसऱ्या दिवशी पाऊस. चौथ्या दिवशी तासभर उघडीप झाली, तेव्हा मी शाळेत होतो. पाचव्या दिवशी मी कागद दुमडला, घासला आणि जाड कागदावर शाईनं त्याची नक्कल उतरवली.

मास्तर परत आले, नक्कल नाकाशी नेली, त्या विझत चाललेल्या डोळ्यांना काय दिसलं कोण जाणे, "वा!" म्हणाले आणि तशीच टपालात टाकली.

उत्तर दिवाळीनंतर आलं. मी वर्गात फळ्यावर घागर काढत होतो, डावी बाजू झाली होती. मास्तर दारात आले. हातात पत्र होतं.

"चित्रकार, जरा विचारायचं होतं. तेविसावी आकृती. तुम्ही दोन्ही बाजू पाहिल्या होत्या ना?"

चाळीस पोरं माझ्याकडे बघत होती. हातात खडू होता.

"हो," मी म्हणालो. "दोन्ही."

"नक्की?"

"म्हणजे काय मास्तर! पाहिल्याशिवाय काढीन का?"

त्यांनी पत्राची घडी घातली, कोटाच्या खिशात ठेवली. "मग मलाच दिसलं असणार," म्हणाले. "जे पाहायचं होतं ते."

पत्रात काय होतं ते त्यांनी नंतर शांतपणे सांगितलं. तेविसाव्या माशाच्या डाव्या दोऱ्यात अंडी होती आणि उजव्या दोऱ्यात नराचं बीज. एकाच अंगात दोन्ही. तिसऱ्या रांजणातला, चार महिन्यांचा, म्हणजे बाकीच्यांचं ठरून गेलेलं असतं त्या वयाचा, धडधाकट मासा. पाच वर्षांत असा एकच मिळाला होता. लेखात त्यांनी तसं लिहिलं होतं. आणि शेजारी माझं चित्र: दोन्हीकडे अंडी, आरशात पाहावं तशी. प्राध्यापकांनी लिहिलं होतं की आपला चित्रकार या विषयात अजाण आहे असं आपणच अभिमानानं नमूद केलं आहे. तेव्हा लेख आणि चित्र यांत विरोध असेल तर चित्रावरच विश्वास ठेवणं भाग आहे. जो लेखक एका ठिकाणी चुकतो त्याची बाकीची निरीक्षणंही पुन्हा तपासावी लागतील.

मी धावत जाऊन ती काच काढली. त्या वर्षी लढाईमुळे विलायती डिंक मिळत नव्हता, म्हणून मास्तरांनी काप बाजारातली राळ टर्पेंटाइनमध्ये विरघळवून चिकटवले होते. पावसाळ्यात राळ पिवळी पडली होती, तिला तडे गेले होते, लाल रंग पार उडाला होता. काचेवर एक मळकट डाग राहिला होता, त्यात कुणाला काय दिसणार?

तेव्हा तरी सांगायचं होतं. नाही सांगितलं. उद्या सांगू म्हटलं. उद्या गेला, आठवडा गेला, आणि मग इतके दिवस का नाही सांगितलंत, याचंही उत्तर द्यावं लागलं असतं. भेकड माणसाला सबब शोधायला लांब जावं लागत नाही.

त्या महिन्यात मास्तरांनी सातही रांजण नीरेत रिकामे केले. मी एका बाजूनं रांजण धरायला गेलो होतो. तेवढंच करू शकलो. भोईणबाई पाण्यात गुडघाभर उभी होती. ती ओरडली, "आवो मास्तर, हितं नगा सोडू! हितं मरळ हाय, लई खादाड. एक बी ठिवायची न्हाई!"

मी वाट पाहिली, आता ते म्हणतील, अजून ठरलं नाही. त्यांनी रांजण पालथा केला, काठावर बसून हात धुतले. टोपी त्यांनी घरीच काढून ठेवली होती.

त्यानंतर ते शब्द त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकले नाहीत. एखाद्या पोराच्या बापानं विचारलं तर ते वही न उघडता सांगायचे, "नापास होईल." आणि पोरं नापास व्हायचीही. कोटाचे खिसे रिकामे झाले. पोरं त्यांना मासेमास्तर म्हणायची, पण नव्या पोरांना का म्हणतात ते ठाऊक नव्हतं. लढाई संपायच्या सुमाराला चार दिवसांच्या तापानं ते गेले. वैद्य म्हणाला, औषध घेतात, पण घ्यायचं म्हणून घेतात.

वहिनी मग वेल्ह्याकडे सासरच्या घरी जाऊन राहिल्या. वर्षभरानं मी चालत तिकडे गेलो. पिशवीत तो पातळ कागद होता, मधोमध घडीचा. मूळ कागद माझ्याकडेच राहिला होता, नक्कल मुंबईला गेली होती. ठरवून गेलो होतो की आज बोलायचंच.

त्यांनी चहा दिला. मी कागद ओसरीवर उलगडला आणि सगळं सांगितलं. घडी, नख, पाऊस, फळ्यासमोरचं ते "हो". त्यांनी मान खाली घालून ऐकलं. रागावतील, म्हणून मी अंग चोरून बसलो होतो. त्या रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "भावजी, आमचं एक होऊन गेलं होतं. तुम्हाला ठाऊक नसेल."

मला ठाऊक नव्हतं. भोरमध्ये कुणालाच नव्हतं.

"याच घरात झालं. सुईण म्हणाली, मुलगा म्हणता येत नाही, मुलगीही म्हणता येत नाही. सासूबाई म्हणाल्या, बारसं कसलं करता? नाव काय ठेवणार? हे म्हणाले, आई, अजून ठरलं नाही, थोडं थांबू या. एवढंच म्हणाले. आणि याच ओसरीवर बसून राहिले. आत सासूबाईंनी ते माझ्याजवळ पाजायला दिलं नाही. मी मागत होते. बाहेर यांना ऐकू येत होतं." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "अकराव्या दिवशी गेलं. मग यांनी मासे आणले."

मी त्या कागदाकडे पाहत बसलो. डावी बाजू माझी, काळजीनं काढलेली. उजवी बाजू नखानं घासलेली. ज्या एका गोष्टीसाठी त्या माणसानं पाच वर्षं आणि दोन डोळे दिले, ती मी घडीत दाबून टाकली होती, आणि वर त्याला म्हणालो होतो की मी पाहिलंय.

वहिनींनी विचारलं, "म्हणजे तसा मासा होता?"

मी ती बाजू पाहिलेली नव्हती. आता कुणालाच ती पाहता येणार नव्हती. पण मास्तरांनी पाहिली होती, आणि त्यांच्यावर विश्वास ठेवण्याची पाळी माझी होती.

"होता," मी म्हणालो.

"जिवंत होता?"

"चार महिने. तिसऱ्या रांजणात. मास्तरांनी बाहेर काढेपर्यंत."

"म्हणजे माझ्याच हातची कणीक खाल्ली असेल त्यानं."

"हो."

"बाकीच्यांच्या बरोबर?"

"बाकीच्यांच्या बरोबरच, वहिनी."

त्यांनी कागदावरच्या उजव्या बाजूवर बोट ठेवलं आणि तिथंच राहू दिलं.

"आणि बाकीच्यांनी त्याला काही केलं नाही?"